लोकलचे पोलीस दिवसभर करतात तरी काय

लोकलमध्ये मोबाईल मारला गेला, लेडीज डब्यात कोणी पुरुष घुसला, दारात हाणामारी झाली की आपण सगळे एकच बोलतो, पोलीस कुठे असतात हो नेमके? मी बदलापूरहून सीएसएमटीला जाणारा माणूस आहे, वर्षानुवर्षं हेच करतोय, त्यामुळे तो राग मला चांगला माहितीय. पण माझा थोरला मामा लोहमार्ग पोलिसात होता, शिपाई म्हणून लागला आणि हवालदार म्हणून रिटायर झाला, आणि त्याच्या तोंडून जे ऐकत मोठा झालो त्यावरून माझं एक मत पक्कं बनलंय. मुंबईच्या रेल्वे पोलिसांचं सगळ्यात मोठं काम रुळांवर मेलेल्या माणसांचं आहे. त्यांना उचलायचं, त्यांचं नाव शोधायचं, घरी कळवायचं, कागद पूर्ण करायचे. चोर पकडायचे ते यातून वेळ काढून. याबद्दल कोणी फारसं बोलत नाही म्हणून लिहितोय.

आधी एक गोंधळ मिटवतो. स्टेशनवर खाकीत दिसणारे सगळे एकाच खात्याचे नसतात. एक जीआरपी, म्हणजे आपले लोहमार्ग पोलीस, हे महाराष्ट्र पोलिसांचाच भाग, यांना मुंबईत स्वतःचे वेगळे आयुक्त आहेत, आणि यांची हद्द चर्चगेटहून विरारच्याही पुढे पालघरकडे, सीएसएमटीहून कसारा-कर्जतकडे आणि हार्बरला पनवेलपर्यंत. दुसरे आरपीएफ, रेल्वे सुरक्षा बल, हे दिल्लीच्या रेल्वे मंत्रालयाखाली. चोरी, मारामारी, विनयभंग, खून, आणि गाडीखाली मेलेला माणूस हे जीआरपीचं. रेल्वेची मालमत्ता, केबल चोरी, विनाकारण चेन ओढणं, रूळ ओलांडणं, लेडीज डब्यात बसलेला पुरुष, विनापरवाना फेरीवाला हे रेल्वे कायद्याखाली मुख्यतः आरपीएफ बघतं. आरपीएफचा कायदा १९५७ चा, रेल्वेच्या सामानाच्या चोरीचा वेगळा कायदा १९६६ चा, आणि प्रवाशांच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याकडे कायद्याने आली ती २००३ नंतर. जीआरपीचा खर्च अर्धा राज्य देतं, अर्धा रेल्वे. आता विचार करा, रोज सत्तर लाखांच्या आसपास माणसं चढतात-उतरतात, त्यांच्या सुरक्षेचा अर्धा हिशोब मंत्रालयात आणि अर्धा दिल्लीत. माणसं कमी पडतात हे दोन्हीकडचे मान्य करतात, आणि वाढवायची कोणी हा प्रश्न दोघांच्या मध्येच फिरत राहतो.

त्यात हद्दीचं प्रकरण वेगळंच. फलाटावर झालं तर लोहमार्ग पोलीस, जिना उतरून रिक्षा स्टँडला झालं तर शहर पोलीस. चालत्या गाडीत झालं तर ते कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये झालं ते सांगा. माझा फोन एकदा संध्याकाळच्या फास्ट गाडीत गेला, कुठे गेला ते मला कसं कळणार, दादरला खिशात होता आणि ठाण्याला नव्हता एवढंच माहिती. पहिल्या चौकीत सांगितलं हे आमच्या हद्दीत येत नाही, पुढे जा. पुढच्या ठिकाणी सांगितलं मागे जा. शेवटी एका बाईंनी, त्या अंमलदार होत्या, शांतपणे बसवून घेतलं आणि तक्रार लिहिली, पण त्यातही आधी शब्द आला गहाळ. गहाळ लिहिलं की तपास नाही, गुन्ह्याचा आकडा नाही, सगळं निवांत. मुंबईत कित्येक वर्षं हेच चाललं होतं, मग मधे वरून आदेश आले की चोरी असेल तर चोरीच लिहा आणि मग मोबाईल चोरीचे आकडे एकदम वर गेले, पेपरात मथळे आले की लोकलमध्ये गुन्हेगारी वाढली. चोऱ्या तेवढ्याच होत होत्या हो, फक्त त्या कागदावर आल्या. मला तरी तो वाढलेला आकडा चांगला वाटला. आता झिरो एफआयआर नव्या कायद्यातच लिहिलेला आहे, कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते, हद्द नंतर बघायची, त्यामुळे कोणी पुढे जा म्हटलं तर तिथेच उभे राहा आणि झिरो नंबरने घ्या म्हणून सांगा.

हे झालं चोरीचं. आता जे खरं सांगायचंय ते.

रुळावर माणूस पडला किंवा कटला की काय होतं ते बहुतेकांना माहितीच नसतं, आपल्याला फक्त गाडी थांबलेली कळते आणि आपण घड्याळ बघतो. मोटरमन किंवा गार्ड कळवतो, स्टेशन मास्तर मेमो काढतो, तो मेमो लोहमार्ग पोलिसांच्या हातात पडतो आणि एक-दोन शिपाई आणि स्ट्रेचर घेतलेले हमाल रुळांमधून चालत निघतात. जागा सांगतात ती किलोमीटरच्या खांबाच्या नंबरावरून. आजूबाजूच्या लाईनवर गाड्या चालूच असतात, पाऊस असतो, रात्र असते. मामा सांगायचा की पहिल्या वर्षी त्याला जेवण जात नव्हतं आणि पुढे जेवण जायला लागलं याचंच त्याला जास्त वाईट वाटायचं. माणूस जिवंत असेल तर जवळच्या सरकारी हॉस्पिटलला, सायन, केईएम, राजावाडी, कळवा, जे जवळ असेल ते, आणि तिथे पोचेपर्यंतचा पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा असतो हे प्रत्येकाला माहिती असून स्टेशनबाहेर ॲम्ब्युलन्स उभी नाही, हमाल हजर नाही, मेमोवर सही नाही यात तो तास जातो. समीर झवेरी, ज्यांचे स्वतःचे दोन्ही पाय १९८९ मध्ये लोकलखाली गेले, ते याच गोष्टींसाठी वर्षानुवर्षं हायकोर्टात आणि माहितीच्या अधिकारात भांडत आलेत. आज काही स्टेशनांवर वैद्यकीय कक्ष दिसतात त्यामागे अशा माणसांची पायपीट आहे.

माणूस गेला असेल तर अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा. आणि हा पंचनामा म्हणजे नुसता सरकारी कागद असं समजू नका. त्यात एक वाक्य असतं ज्याच्यावर मागे राहिलेल्या कुटुंबाचं पुढचं बरंच काही ठरतं, ते म्हणजे माणूस गाडीतून पडला की रूळ ओलांडताना गाडीने उडवला. पडला असेल तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडून आठ लाखांची भरपाई मिळू शकते, २०१७ च्या आधी ती चार लाख होती. ओलांडत होता म्हटलं की एक पैसा नाही, कारण मग तो प्रवासी नाहीच, बेकायदा रुळावर आलेला माणूस. दारू प्यायला होता किंवा आत्महत्या केली असं ठरलं तरी नाही. आणि तिकीट किंवा पास सापडला नाही तर रेल्वेचे वकील म्हणणार हा प्रवासी होता याला पुरावा काय. यावर सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात सांगितलं की अंगावर तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, घरच्यांनी शपथपत्र देऊन बाकीची परिस्थिती मांडली की मग रेल्वेने उलट सिद्ध करावं. पण अहो, नवरा गेलेली बाई शपथपत्र, वकील, तारखा यात किती वर्षं घालवणार.

म्हणून मामा बॉडी उचलल्यावर लगेच निघायचा नाही. टॉर्च घेऊन खडीत तिकीट शोधायचा. खिसा फाटलेला असतो, पाकीट लांब उडालेलं असतं, पास पन्नास फुटांवर पडलेला असतो, आणि तो सापडला तर पंचनाम्यात यायलाच पाहिजे असं त्याचं म्हणणं. बरोबरचे लोक वैतागायचे, कारण गाड्या अडकलेल्या असायच्या, वरून फोन यायचे की ट्रॅक मोकळा करा. मला वाटतं पोलिसाचं काम म्हणजे हेच, कोणी बघत नसताना खडीत तिकीट शोधणं. त्याला त्याबद्दल काही बक्षीस-बिक्षीस मिळालं नाही आणि मिळणारही नव्हतं, पंचनाम्यातली ती ओळ कोणामुळे आली हे त्या घरच्यांनाही कधी कळलं नसणार.

आणि मग ज्यांचं नावच कळत नाही ते. बेवारस. फोटो काढायचा, सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश पाठवायचा, मिसिंगच्या तक्रारी चाळायच्या, स्टेशनवरच्या बोर्डवर फोटो लावायचा. ते बोर्ड तुम्ही पाहिले असतील, आपण मान वळवून पुढे जातो. लोहमार्ग पोलिसांनी यासाठी शोध नावाची वेबसाइट पण काढली होती, म्हणजे घरच्यांना प्रत्येक शवागारात फिरायला नको. ओळख कशावरून पटायची तर शर्टाच्या कॉलरमधलं टेलरचं लेबल, हातावर गोंदलेलं नाव, गळ्यातला ताईत, खिशातली दुकानाची पावती. टेलरच्या लेबलवरून मामा एकदा पार आझमगडच्या एका गावापर्यंत पोचला होता, नुसत्या फोनाफोनीवर. कोणीच आलं नाही तर ठराविक दिवस थांबून पोलीसच अंत्यसंस्कार करतात. मुंबईत कामाला आलेला माणूस, गावी वाटत असतं पोरगा फोन करत नाही, विसरला आपल्याला, आणि तो इथे कुठल्यातरी शवागारात नंबर लावलेला. यातलं एक जरी घर कमी झालं तरी त्या शिपायाची महिनाभराची ड्युटी वसूल झाली असं मी मानतो.

आकडा किती ते पण सांगतो. २०२३ मध्ये मुंबईच्या लोकल मार्गांवर २५९० माणसं मेली, म्हणजे रोज सात. हा आकडा हायकोर्टात एका जनहित याचिकेत आला आणि जून २०२४ मध्ये कोर्टाने रेल्वेला चांगलंच सुनावलं की माणसांना गुराढोरांसारखं नेता याची लाज वाटायला हवी. यातली जवळपास निम्मी रूळ ओलांडताना गेलेली, आणि पाचशेच्या वर सरळ गाडीतून पडून. पूर्वी वर्षाला साडेतीन हजारांच्या वर जायची, म्हणजे कमी झालंय, भिंती आल्या, पूल आले, सरकते जिने आले. पण रोज सात म्हणजे रोज सात पंचनामे, सात हॉस्पिटलच्या फेऱ्या, सात पोस्टमॉर्टेम, आणि प्रत्येकामागे एक-दोन पोलीस अडकलेले. आता सांगा रात्रीच्या प्रत्येक लेडीज डब्यात पोलीस कुठून आणायचा? तिथे मग होमगार्ड असतो, महाराष्ट्र सुरक्षा बलाचा जवान असतो, आणि कधी कोणीच नसतं. माझी बहीण सेकंड शिफ्ट करून रात्री परत येते, ती चढताना आधी बघते की खाकी दिसतेय का, आणि नसेल तर धावत मधल्या लेडीज डब्यात जाते. तिच्यासाठी तो एक माणूस डब्यात असणं हीच सगळी पोलीस यंत्रणा आहे, बाकी कॅमेरे, ॲप तिला त्या वेळी काही उपयोगाचे वाटत नाहीत.

९ जून २०२५ ला मुंब्र्याला जे झालं ते आमच्या लाईनवरच्या कोणालाच विसरता येणार नाही. वळणावर दोन लोकल समोरासमोरून गेल्या, दोन्हीकडे दारात लटकलेली माणसं, एकमेकांना घासून खाली पडली. त्यात मेलेल्यांत एक लोहमार्ग पोलिसातलाच शिपाई होता. आपल्यासारखाच दारात उभा राहून जाणारा. पुढे लोहमार्ग पोलिसांनी त्या ठिकाणच्या रुळांच्या देखभालीवरून मध्य रेल्वेच्या इंजिनिअरांवरच गुन्हा नोंदवला आणि त्यावरून रेल्वे कर्मचाऱ्यांनी आंदोलन केलं, गाड्या अडकल्या, खूप वाद झाला. दोष कोणाचा ते कोर्ट ठरवेल. पण मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अधूनमधून चर्चा होते की दोन दलं कशाला, एकच करा, सगळं आरपीएफकडे द्या. मला ते मुळीच पटत नाही. माणूस रेल्वेच्या चुकीने मेला असेल तर त्याची चौकशी रेल्वेच्याच दलाने करायची का? भरपाईच्या दाव्यातही आरपीएफचा अहवाल रेल्वेच्या बाजूने जातो आणि जीआरपीचा पंचनामा तेवढा घरच्यांच्या हातात असतो. तो बाहेरच्या माणसाने लिहिलेला असला पाहिजे. दोन दलांनी एकत्र गस्त घालावी, एकच कंट्रोल रूम असावी, माहिती एकमेकांना द्यावी, हे सगळं हवंच, पण पंचनामा राज्याच्या पोलिसाचाच राहू दे.

मोठ्या दिवसांबद्दल थोडंसं, कारण ते सगळ्यांना माहितीच आहेत. ११ जुलै २००६, अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत सात स्फोट. मामा त्या आठवड्यात घरी नव्हताच, हॉस्पिटलं आणि शवागारं, तेच काम, फक्त एकाच रात्री शेकड्यांनी. त्या खटल्यात जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने सगळ्या बारा जणांना निर्दोष सोडलं, म्हणजे एकोणीस वर्षांनी त्या घरच्यांना कोणी केलं याचं उत्तर नाही, यावर काय बोलणार. आणि २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटी. तिथल्या लोहमार्ग पोलीस ठाण्याचे इन्स्पेक्टर शशांक शिंदे तिथेच गेले, आरपीएफच्या जिल्लू यादवांनी रायफल घेऊन उलट गोळीबार केला, विष्णू झेंडे अनाउन्समेंटच्या केबिनमधून लोकांना बाहेर जायचा रस्ता सांगत राहिले. ५८ माणसं गेली. त्यानंतर मेटल डिटेक्टरच्या चौकटी आल्या, बॅगा तपासायची मशीनं आली, पण आपली स्टेशनं चारी बाजूंनी उघडी, पिक अवरला त्या चौकटीतून माणसं पाण्यासारखी जातात, तिथे बसलेला शिपाई कोणाकोणाला थांबवणार.

आता दुसरी बाजू लिहिली नाही तर मामाचा भाचा म्हणून लिहिलं असं होईल. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई एक्सप्रेसमध्ये आरपीएफच्याच एका कॉन्स्टेबलने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घातल्या. मे २०२४ मध्ये घाटकोपरला जे अवाढव्य होर्डिंग कोसळून १७ माणसं मेली ते लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातल्या जागेवर उभं होतं, परवानगीच्या प्रकरणात माजी आयुक्त निलंबित झाले. २०२५ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या प्रवाशांचं सामान तपासायच्या नावाखाली पैसे उकळल्याबद्दल लोहमार्ग पोलिसातले काही जण निलंबित झाले. गावाहून दागिने घेऊन आलेल्या माणसाला बाजूच्या खोलीत नेऊन घाबरवायचं, हे ज्यांनी केलं त्यांनी खडीत तिकीट शोधणाऱ्यांचं नाव घालवलं. मामाला ही बातमी वाचून दाखवली तेव्हा तो काही बोलला नाही, चष्मा काढून ठेवला. सामान तपासणी कॅमेऱ्यासमोरच व्हायला हवी, बंद खोलीत नाही, आणि अशा केसमध्ये निलंबनावर न थांबता गुन्हे शेवटपर्यंत चालवायला हवेत.

आणि चांगलं काम दिसतं तिथे ते पण सांगायला हवं. घरातून पळून आलेली मुलं मुंबईत पहिली उतरतात ती सीएसएमटी, दादर, कुर्ला, कल्याणला. आरपीएफच्या सब-इन्स्पेक्टर रेखा मिश्रा यांनी सीएसएमटीला अशी शेकडो मुलं गर्दीतून ओळखून काढली, त्यांच्यावर दहावीच्या मराठीच्या पुस्तकात मजकूर आला, २०१७ चा नारीशक्ती पुरस्कारही त्यांना मिळाला. फलाटावर एकटं बसलेलं पोर, भेदरलेलं की नुसतं वाट बघतंय, हे ओळखायला नजर लागते, आणि ती नजर असलेला माणूस तिथे ड्युटीवर असायला लागतो. तो बॉडीमागे शवागारात अडकला तर पोरगं दलालाच्या हाती लागतं, इतकं साधं आहे ते.

माझं मागणं फार मोठं नाही. रुळावरचे जखमी आणि मृतदेह यांच्यासाठी वेगळं पथक करा, त्यांना प्रशिक्षण द्या, स्वतःच्या ॲम्ब्युलन्स द्या, हमालांना धड पैसे आणि हातमोजे द्या. जे पोलीस हे काम करतात त्यांच्याशी बोलणारा कोणी समुपदेशक असू दे, मामाच्या बरोबरचे किती जण दारूत गेले ते मी पाहिलंय. आणि रेल्वेने दारं बंद करा. मुंब्र्यानंतर जाहीर झालंय की नव्या साध्या लोकलला पण आपोआप बंद होणारी दारं येणार, हवा खेळती राहील अशी रचना करून. ती लवकर येऊ देत, जुन्या गाड्यांनाही बसवता आली तर बसवा, आणि गाड्या वाढवा, कारण दारं बंद झाली तरी आतल्या माणसांना श्वास घ्यायला जागा पाहिजे.

तोपर्यंत एक काम आपण करू शकतो, हे मामाने मला बजावून सांगितलेलं. पूर्वी पासाबरोबर फोटोचं ओळखपत्र असायचं, त्यावरून नाव लगेच कळायचं. आता पास मोबाईलच्या ॲपमध्ये, मोबाईलला फिंगरप्रिंटचं लॉक, आणि अपघातात मोबाईल फुटतो नाहीतर कोणीतरी उचलतो, मग माणसाजवळ काहीच नाही. म्हणून पाकिटात आणि वेगळ्या खिशात एक-एक चिठ्ठी ठेवा, नाव, घरच्या दोघांचे नंबर, रक्तगट. फोनच्या लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट टाका, ते लॉक न उघडता दिसतं. गावाहून नवीन आलेली पोरं तुमच्याकडे कामाला असतील तर त्यांच्याकडून हे करून घ्या, त्यांच्या गावचा नंबर तुमच्याकडे पण लिहून ठेवा. घरचं कोणी वेळेवर आलं नाही आणि फोन लागत नाही तर १५१२ ला लोहमार्ग पोलीस, १३९ ला रेल्वे, आणि त्याच्या रस्त्यावरच्या लोहमार्ग पोलीस ठाण्यात थेट जा, अंगावर कुठल्या रंगाचा शर्ट होता ते आठवून जा, कारण तिथला अंमलदार पहिला प्रश्न तोच विचारतो.